ग्रॅच्युइटी कुणाची?

ग्रॅच्युइटी म्हटले की आपल्याकडच्या नोकरदार माणसाच्या डोळ्यांपुढे निवृत्तीचा दिवस उभा राहतो. शाल, नारळ, चार भाषणे आणि वर्षानुवर्षांच्या नोकरीचा हिशेब होऊन हातात पडणारा चेक. १९७२ च्या कायद्याने तो हक्काचाच झाला. त्यामुळे बडोद्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी क्रूझच्या कोटेशनवर शेवटून दुसऱ्या ओळीत हा शब्द वाचला, तेव्हा ते बुचकळ्यात पडले.

"अहो, ऐकलंत का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले. "आपण आठ दिवस फिरायला जाणार आणि ग्रॅच्युइटी आपणच भरायची म्हणे! मी तर माझी कधीच घेऊन मोकळा झालो."

लग्नाची पन्नास वर्षे पूर्ण होणार म्हणून पुण्याच्या मुलाने आई-वडिलांना भूमध्य समुद्रातली क्रूझ घडवायचे ठरवले होते. मुलगा, सून, नववीतली नात, चौथीतला नातू आणि ही दोघे, अशी सहा माणसे. बार्सिलोनाहून निघायचे, मार्सेय, लिव्होर्नो, चिव्हितावेकिया, नेपल्स, पाल्मा करत सात रात्रींनी पुन्हा बार्सिलोना. राहणे, जेवण, करमणूक सगळे भाड्यात, असे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होते. आणि खाली बारीक अक्षरांत ही ओळ: क्रू ग्रॅच्युइटी, माणशी, प्रत्येक रात्रीची.

मुलाने फोनवर उलगडा केला. "बाबा, ती टिप. बोटीवरच्या नोकरांसाठी. दर दिवसाला आपोआप खात्यावर चढते. पण काळजी नको, बोटीवर गेल्यावर काउंटरवर सांगितलं की काढून टाकतात. सगळे सांगतात तसं."

आजोबांनी (आपणही सोयीसाठी त्यांना आजोबाच म्हणू) वहीत हिशेब मांडला. माणशी रोजचे १६ डॉलर. सहा माणसे, सात रात्री. ६७२ डॉलर. रुपयांत पन्नास हजारांच्या वर. एवढ्यात बडोद्याहून चौघांची दक्षिण भारताची सहल झाली असती. आजोबांनी त्या आकड्याभोवती गोल केला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

हा गोल आणि हे प्रश्नचिन्ह हल्ली पुष्कळ मराठी घरांत काढले जाते. पूर्वी क्रूझ ही सिनेमात पाहायची गोष्ट होती. आता सिंगापूरहून, दुबईहून, युरोपातून आणि मुंबईहूनही लोक हौसेने जातात. तिकिटाची घासाघीस होते, विमानाचे भाडे दहा ठिकाणी पाहिले जाते. पण टिप आणि बंदरांवरच्या सहली हे दोन खर्च तिकिटाबाहेर राहतात आणि बोटीवर चढल्यावर अंगावर येतात.

सहलींचे आधी सांगायला हवे, कारण तिथे चूक झाली तर पैशांबरोबर बोटही जाते.

माहितीपत्रकात लिहिले असते "रोम". बोट मात्र रोमला जातच नाही. ती लागते चिव्हितावेकियाला आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. "फ्लॉरेन्स" असे छापतात तेव्हा बोट असते लिव्होर्नोला, म्हणजे आणखी ९० किलोमीटरचा रस्ता. बोट सकाळी सातला लागली आणि संध्याकाळी सातला सुटणार, एवढ्यावरून बारा तास मिळाले असे समजू नये. उतरण्यात, जाण्या-येण्यात चार तास सहज जातात आणि सुटण्याच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधी बोटीवर परतावे लागते. हाती उरतात सहा-सात तास. त्यात व्हॅटिकन, कोलोसियम आणि शिवाय खरेदी असा बेत करणाऱ्याने आपल्या आईच्या गुडघ्यांचा विचार केलेला नसतो.

बोटीची कंपनी प्रत्येक बंदरावर स्वतःच्या सहली विकते. त्या महाग असतात. रोमच्या दिवसभराच्या सहलीला माणशी शंभर डॉलरच्या पुढे पडणे काही विशेष नाही. तीच जागा आगगाडीने पाहिली तर खर्च पुष्कळच कमी. चिव्हितावेकियाहून लोकल गाडी तासाभरात रोमच्या सान पिएत्रो स्टेशनावर सोडते आणि तिथून व्हॅटिकन चालत जाण्यासारखे आहे. मग महाग सहल कुणी घ्यायची?

फरक असा की कंपनीच्या सहलीची बस वाटेत अडकली, तर बोट तिच्यासाठी थांबते. थांबणे अशक्यच झाले, तर त्या प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोचवणे कंपनीच्या अंगावर असते. स्वतःच्या हिकमतीवर गेलेल्यासाठी बोट थांबत नाही. इटलीत रेल्वेचे संप नवे नाहीत. जाहीर करून होतात हे खरे, पण सहलीच्या धांदलीत इटालियन वर्तमानपत्र पाहतो कोण? म्हणजे ते जास्तीचे पैसे गाईडच्या गोष्टींपेक्षा बोट न चुकण्याच्या हमीचे असतात. हे एकदा लक्षात आले की कुठे द्यायचे आणि कुठे वाचवायचे ते ठरवणे सोपे जाते.

आजोबांच्या घरी सुनेने हे काम हातात घेतले. तिने नकाशा पाहिला आणि एकच कसोटी लावली: बंदरापासून ठिकाण किती लांब? रोम लांब, म्हणून तिथे कंपनीची बस. लिव्होर्नोला फ्लॉरेन्सचा मोह सोडून जवळचे पिसा, आगगाडीने. कलता मनोरा पाहून, नातवाने तो हाताने धरल्याचे फोटो काढून, मंडळी दुपारी बोटीवर परत. नेपल्सला बंदर शहरातच आहे. तिथे त्यांनी गावात उतरून चिर्कुमवेसुव्हियाना नावाच्या लोकलने पाँपेई गाठले. पाऊण तासाच्या आतला प्रवास. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले ते गाव पाहताना आजी बेकरीतली दगडी जाती बघत बराच वेळ उभ्या होत्या. "जातं ते जातंच," त्या म्हणाल्या. गर्दीच्या त्या लोकलमध्ये पाकीटमारांचे भय असते. पैसे, कार्ड पुढच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवावे आणि पर्स पाठीला लटकवू नये. बार्सिलोनाच्या रांब्लासवरही हेच.

त्या संध्याकाळी नेपल्सला बोट सुटायच्या वेळी वरच्या डेकवर गर्दी झाली. खाली धक्क्यावरून एक जोडपे धावत येत होते. हातात पिशव्या. वरून लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. बोटीच्या शिड्या आत गेलेल्या होत्या. ते दोघे धक्क्याच्या कडेपर्यंत येऊन थांबले आणि बोट हळूहळू बाजूला सरकली. सुनेला त्या टाळ्या आवडल्या नाहीत. ती नातवाला घेऊन आत गेली.

अशा प्रवाशांचे पुढे काय होते? बोटीवरचे कर्मचारी त्यांच्या केबिनच्या तिजोरीतले पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटाकडे ठेवण्याचा प्रयत्न करतात. पुढच्या बंदरापर्यंत मात्र ज्याने त्याने आपल्या खर्चाने जायचे. म्हणून बंदरावर उतरताना पासपोर्टाची प्रत, बोटीचे कार्ड, एजंटाचा फोन नंबर (तो रोजच्या पत्रकात छापलेला असतो), औषधे आणि एक चालणारे क्रेडिट कार्ड जवळ हवे. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवायचे. काही मार्गांवर गावाची वेळ वेगळी आणि बोटीची वेगळी असते.

या सगळ्या दिवसांत केबिनकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. सकाळी बाहेर पडताना पसारा असे. परत येईपर्यंत चादरी ताणलेल्या, टॉवेल बदललेले, नातवाच्या पलंगावर टॉवेलचा ससा किंवा हत्ती. संध्याकाळच्या जेवणानंतर पुन्हा एकदा सगळे आवरलेले. स्टुअर्ड एक सावळा, किडकिडीत तरुण होता. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली "इंडिया" असे लिहिलेले. तो दोन दिवस इंग्रजीतच नमस्कार-चमत्कार करत होता. तिसऱ्या दिवशी आजी नातवावर ओरडल्या, "अरे, वाळूचे बूट आधी काढ!" तेव्हा दारातून आवाज आला, "राहू दे आजी, मी झाडतो."

मग काय विचारता! सावंतवाडीकडचा मुलगा. गोव्यातल्या हॉटेलात काम शिकला आणि तिथून बोटीवर आला. हा त्याचा चौथा करार. करार आठ महिन्यांचा आणि आठ महिन्यांत सुट्टीचा एकही वार नाही. त्याच्याकडे सतरा केबिन, दिवसातून दोनदा. राहायची खोली पाण्याच्या पातळीखाली, दुसऱ्या एका मुलाबरोबर, खिडकी नसलेली. घरी चौदा महिन्यांची मुलगी. तिला त्याने सगळे मिळून अडीच महिने पाहिले होते. हे सगळे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. आजी विचारत गेल्या, तो चादर खोचता खोचता उत्तरे देत गेला.

"पगार किती रे देतात तुला?" आजींनी सरळ विचारले. आपल्याकडच्या आज्यांना हा प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही.

त्याने टॉवेलची सोंड वळवली, हत्ती उशीवर ठेवला. "भागतं, आजी," म्हणाला आणि पुढच्या केबिनकडे गेला.

टिपेबद्दल प्रवाशाकडे विषय काढायची त्यांना मुभा नसते, हे आजींना ठाऊक नव्हते.

बोटीवरच्या नोकरीचे गणित किनाऱ्यावरच्या नोकरीसारखे नसते. बोट अमेरिकन कंपनीची असली तरी ती नोंदवलेली असते बहामाजला, पनामाला किंवा माल्टाला, आणि तिच्यावर चालतो त्या देशाचा कायदा. एक आंतरराष्ट्रीय करार आहे: सागरी कामगारांचा, २००६ सालचा, २०१३ च्या ऑगस्टमध्ये अमलात आलेला. भारतानेही २०१५ साली त्याला मान्यता दिली. तो काय सांगतो? चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास. उलट बाजूने मोजले तर आठवड्याला एक्क्याण्णव तासांपर्यंत काम नियमात बसते, असा त्याचा अर्थ. आणि केबिन, डायनिंग हॉल अशा ठिकाणच्या माणसांचा पगार पुष्कळ कंपन्यांमध्ये टिप गृहीत धरूनच ठरवलेला असतो. आपण ज्याला बक्षिसी म्हणतो, ती त्यांच्या घरखर्चातली मुख्य रक्कम असते.

पूर्वी याची रीत वेगळी होती. सफरीच्या शेवटच्या रात्री केबिनमध्ये पाकिटे ठेवलेली असत. एक स्टुअर्डचे, एक वेटरचे, एक त्याच्या मदतनिसाचे. जेवायची टेबले ठरलेली आणि वेटरही ठरलेला. त्यामुळे कुणाला किती द्यायचे ते ज्याचे त्याला समजे. २००० सालाच्या सुमारास काही कंपन्यांनी ठरलेली टेबले मोडली. कुठल्याही हॉटेलात, कुठल्याही वेळी जेवा, असे झाले. मग रोज वेगळा वेटर वाढणार, तर पाकीट कुणाच्या हातात ठेवायचे? तेव्हापासून रोजची ठरलेली रक्कम आपोआप खात्यावर चढवून सगळ्यांत वाटण्याची पद्धत रुळली. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा आजचा दर साध्या केबिनला माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आहे. सूट घेतला तर जास्त. लहान मुलांचेही बहुधा धरतात. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मात्र २०१९ पासून ही वेगळी आकारणीच बंद केली आणि सगळे भाड्यात घातले. हेच खरे सरळ. प्रवाशाला फसल्यासारखे वाटत नाही आणि नोकराला कुणाच्या मर्जीकडे पाहावे लागत नाही.

नेपल्सनंतरचा दिवस बोट समुद्रातच होती. मुलाला तेवढी सवड मिळाली आणि तो वडिलांना घेऊन काउंटरवर गेला. तिथल्या मुलीने हसून, काही न विचारता एक फॉर्म पुढे केला. सहा नावे, एक सही, बस. तिने फक्त एवढेच विचारले, "सेवेबद्दल काही तक्रार?"

"नाही, नाही. तक्रार काहीच नाही," मुलगा म्हणाला. "आम्ही आमच्या स्टुअर्डला रोख देणार आहोत. हातात."

आजोबांनी त्यांच्या जुन्या, काउंटरपलीकडच्या सवयीने प्रश्न विचारला. "ही रक्कम नेमकी कुणाकुणाला जाते?"

तिने सांगितले. केबिनचे, डायनिंग हॉलचे, आणि प्रवाशांना कधीच न दिसणारे: धुलाईचे, भांडी घासण्याचे काम करणारे. ज्याने टिप काढून टाकली आहे, त्या प्रवाशाने रोख दिली तर ती त्या मुलाने सामायिक खात्यात भरावी, असा त्या बोटीवरचा नियम होता. सगळ्याच कंपन्यांचा नियम असा नसतो, पण काहींचा असतो. म्हणजे मुलाने सावंतवाडीच्या पोराला पन्नास डॉलर दिले असते तर ते त्याच्या खिशात राहिलेच नसते आणि सहाशे बहात्तर मात्र गेले असते.

आजोबा गप्प झाले. पण त्यांना आठवत होते ते दुसरेच. १९८० च्या दशकात त्यांची बदली मडगाव शाखेत होती. साष्टीतल्या गावागावांतून तारवट्यांच्या बायका बँकेत येत. तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. गोव्यात हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि मुंबईत धोबीतलावला अशा खलाशांच्या गावोगावच्या कूडी आहेत, बोट मिळेपर्यंत राहायला. त्या बायका काउंटरवर विचारत, "ड्राफ्ट आयलो?" घराची बाल्कांव, मुलांची फी, आगरातली विहीर, सगळे त्या ड्राफ्टवर. आजोबांना तेव्हा एका गोष्टीचे कोडे पडे. एकाच बोटीवरच्या, एकाच कामाच्या माणसाचा ड्राफ्ट कधी मोठा, कधी निम्मा. पगार म्हटला की तो ठरलेला हवा ना? विचारले तर त्या एवढेच सांगत, यंदा पॅसेंजर बरे नव्हते.

"पॅसेंजर बरे नव्हते," आजोबा लिफ्टमध्ये मुलाला म्हणाले. "चाळीस वर्षांनी कळलं बघ."

रात्री जेवताना विषय पुन्हा निघाला. फॉर्म अजून मुलाच्या खिशातच होता. त्याचे म्हणणे असे की, माणसांना राबवते कंपनी, नफा कमावते कंपनी, मग पगार आपण का द्यायचा? आणि आपण मुकाट्याने देत राहिलो तर कंपनी कधी सुधारणार? त्यावर सून म्हणाली, "पुण्याला आपण कामाच्या मावशींना दिवाळीला एक पगार जास्त देतो. तो आपल्या खुशीचा. पण सोसायटीशी भांडण झालं म्हणून त्यांचा महिन्याचा पगार कापतो का?"

मुलाचा मुद्दा खोटा नव्हता. पगाराचा भार प्रवाशाच्या मर्जीवर ढकलणे हे काही भूषण नव्हे, आणि भाड्याचा आकडा लहान दिसावा म्हणून टिप बाहेर ठेवण्यात व्यापारी चतुराई आहेच. पण त्याचा राग कंपनीवर काढायचा तर तिकीट घेतानाच काढावा, टिप भाड्यात धरणारी कंपनी निवडावी. पाचव्या रात्री काउंटरवर सही केल्याने कंपनीचे भाडे कमी होत नाही. कमी होतो तो सावंतवाडीला जाणारा पैसा.

२०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस ही बोट करोनामुळे अडकली. ३,७११ माणसे होती. प्रवाशांना केबिनबाहेर पडायला मनाई झाली. पण त्यांची जेवणाची ताटे दारापर्यंत नेत कोण होते? बोटीवरचेच नोकर. त्यात १३२ भारतीय. ते दिवसा ताटे पोचवत होते आणि रात्री आपापल्या सामायिक खोल्यांत झोपत होते. पुढे त्यांतल्याही अनेकांना लागण झाली.

मुलाने फॉर्म भरला नाही. त्यावर फार चर्चाही झाली नाही. नातीने त्याच्या मागच्या बाजूवर पाल्माच्या कॅथेड्रलचे चित्र काढले.

आता ज्यांचे बुकिंग अजून व्हायचे आहे त्यांच्यासाठी. कोटेशन हातात आले की एजंटाला पहिला प्रश्न हा विचारावा: टिप भाड्यात आहे की बाहेर? बाहेर असेल तर माणसे गुणिले रात्री गुणिले दर हा गुणाकार त्याच दिवशी करावा आणि शक्य असेल तर रक्कम तिकिटाबरोबरच भरून टाकावी. पुष्कळ कंपन्या ती आधी घेतात आणि मधे दर वाढला तर बहुधा जुन्याच दराने धरतात. मग बोटीवर दर सकाळी जखमेवरची खपली निघत नाही. बारमधल्या प्रत्येक सरबतावर आणि मसाजवर १८ ते २० टक्के आकार वेगळा लागतो. तो बिलात आधीच धरलेला असतो, खाली पुन्हा टिपेची रिकामी जागा दिसली म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. कुणी विशेष जीव लावला, तर शेवटच्या दिवशी दहा-वीस डॉलर वेगळे द्यावेत. ती खरी बक्षिसी, आणि नेमून दिलेली टिप ज्याने काढलेली नाही, त्याने दिलेली रोख बहुतेक ठिकाणी त्या माणसाकडेच राहते. फुकटात देण्यासारखीही एक गोष्ट आहे: अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याचे नाव लिहून दोन ओळी कौतुक. वरिष्ठ ते वाचतात आणि पुढच्या करारासाठी, बढतीसाठी त्याचा उपयोग होतो. सेवा खरोखर वाईट असेल तर मात्र शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. दुसऱ्याच दिवशी सांगावे, माणूस सुधारतो किंवा बदलून मिळतो.

शाकाहारी मंडळींनी पहिल्या रात्रीच हेड वेटरला गाठावे. तो बऱ्याचदा भारतीयच निघतो. आदल्या दिवशी सांगून ठेवले की डाळ, भाजी, भात टेबलावर येतो. व्हिसाचे पाहताना बोट वाटेत शेंगेनबाहेरच्या एखाद्या देशात, समजा तुर्कस्तानात, जाऊन परत येते का ते तपासावे. तसे असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. बोट समुद्रात शिरली की मोबाइल विमानातल्यासारखा बंद मोडवर ठेवावा. बोटीचे स्वतःचे नेटवर्क असते आणि त्याचे बिल घरी आल्यावर डोळे पांढरे करते. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात गेलेल्या जुन्या माणसांना "बोट लागणे" काय असते ते सांगायला नको. ज्यांना ते भय आहे त्यांनी मधली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, तिथे डोलणे कमी. औषध डॉक्टरांना विचारून मळमळ सुरू होण्याआधी घ्यायचे असते. आलेपाकही बरोबर असू द्यावा.

आणि एक गोष्ट टाळू नये. निघताना भोंगा वाजवून आपत्कालीन जागा दाखवतात, तेव्हा पुष्कळ लोक केबिनमध्ये सामान लावत बसतात. २०१२ च्या १३ जानेवारीला कोस्टा काँकॉर्डिया ही बोट याच चिव्हितावेकियाहून सुटली आणि त्याच रात्री जिल्यो बेटापाशी खडकावर आदळली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. ३२ माणसे गेली. २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले आहे. त्या बत्तिसांत मुंबईजवळचा एक वेटर होता. त्याचे अवशेष सगळ्यांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात, त्या मोडलेल्या बोटीत मिळाले.

पाल्मा झाले. शेवटच्या रात्री सामान दाराबाहेर ठेवायचे असते. आजींनी आपल्या पिशवीतून चिवड्याचे आणि लिंबाच्या लोणच्याचे न फोडलेले पाकीट बाजूला काढले. मुलाने एका लिफाफ्यात वीस डॉलर घातले, नातीने वर त्याचे नाव देवनागरीत लिहिले. हे सगळे सकाळी निरोप घेताना हातात द्यायचे असे ठरले होते.

सकाळी आठला मंडळी बाहेर आली तेव्हा बोळात चादरींचे ढीग पडले होते. तो पलीकडच्या केबिनमध्ये गाद्या उलटत होता. सतरा केबिन, दुपारपर्यंत. साडेअकरापासून नवे लोक चढणार होते. आजींनी हाक मारली. त्याने दारापर्यंत येऊन दोन्ही हातांनी पाकिटे घेतली, वाकून नमस्कार केला. "लोणचं आज जेवणाला," म्हणाला. लिफाफ्यावरचे आपले नाव वाचून हसला. मग आतून कुणी हाक मारली म्हणून तो वळला, आणि आजोबांनी नातवाच्या हातातली बॅग घेतली. खाली बस उभी होती.